तासाभरापुरती तार काढा

सोनगीरच्या या गृहस्थांचं नाव मला माहीत नाही. आमच्या दोघांच्या मुलींच्या दातांच्या तारा आवळून घ्यायला आम्ही दर महिन्याला धुळ्याच्या एकाच दवाखान्यात येतो. मी फाइल, बाटली आणि मऊ ब्रश घेऊन येते. ते ज्ञान घेऊन येतात. जीभ टाळूला टेकवावी, गिळताना दातांवर ढकलू नये, ओठ मिटून नाकाने श्वास घ्यावा, हे डॉक्टरांचं सांगणं ते बाकावरच्या प्रत्येकाला फुकट ऐकवतात.

गेल्या खेपेला या जबड्याच्या जाणकारांनी डॉक्टरांनाच गाठलं. "रविवारी पोरीला पाहायला पाहुणे येताहेत. तेवढ्यापुरती तार काढा ना."

"आत्ता काढली तर दात पुन्हा पुढे येतील."

"पाहुणे तासभरच बसतील हो!"

तासभर सरकू नका, असं दातांना तेच बजावणार होते बहुधा.

"नाना," मुलगी म्हणाली, "आज काढली तर मी पुन्हा बसवणार नाही. मग जन्मभर तोंडावर हात धरूनच हसेन."

नानांनी तिथूनच पाहुण्यांना फोन लावला. "रविवारना कार्यक्रम ऱ्हाऊ द्या. पोरगीना दातस्नं काम चालू शे. तुम्हले घाई व्हई तर दुसरी पोर दखा."

आम्ही सगळे फायलींत डोकं घालून ऐकत होतो.

फोन खिशात टाकून ते मुलीवरच खेकसले, "आते बठ ना खुर्चीवर! डॉक्टर वाट दखी ऱ्हायनात."