सरकी आणि चिंचोके

मतदानाची वेळ झाली की आबा उठायचे, धोतराचा सोगा सावरायचे आणि शेडबाहेरच्या निंबाखाली आमच्याकडे पाठ करून बसायचे. जाताना एवढंच म्हणायचे, "तुम्हनं राज शे, तुम्हीच चालाडा." तुमचं राज्य आहे, तुम्हीच चालवा. मग आत आम्ही चोवीस मुलंमुली आणि बाहेर त्यांची ती किंचित वाकलेली पाठ. निकाल सांगायला कोणी गेल्याशिवाय ती हलत नसे.

आबा धुळ्याकडचे. सरकारी कचेरीत कारकुनी करता करता केस पिकले. पेन्शन सुरू झाल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, की तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना राज्यकारभार शिकवायचा. लोक हसले. माझे वडील जळगावला शाळामास्तर होते, आबांचे जुने स्नेही. तेही हसले. आबा त्यांना म्हणाले, "मास्तर, स्वराज्य आज येवो की वीस वर्षांनी. आलं त्या दिवशी अर्ज कुठे द्यायचा हे कोणाला तरी ठाऊक असायला हवं ना?" वडिलांनी मला पाठवलं ते बहुधा हसल्याची भरपाई म्हणून.

जळगावला मेहरूण तळ्याच्या वाटेवर एका शेठजींचं जिन होतं, कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढायचा कारखाना. कापसाचा हंगाम संपला की ते बंद पडायचं. उन्हाळ्याचे चार आठवडे शेठजी ते आबांना वापरू देत. आम्ही तिथेच राहायचो, मुलं मोठ्या शेडमध्ये, आम्ही चार मुली आबांच्या थोरल्या बहिणीबरोबर, अक्कांबरोबर, कापूस तोलायच्या काट्याच्या खोलीत. पत्र्याच्या छपराला आतून कापसाचे तंतू चिकटलेले असत. दुपारी पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरायच्या आणि त्यांत ते तंतू तरंगत राहायचे, ना वर जात ना खाली येत. तळ्यावरून वारा आला की सगळे एका बाजूला सरकायचे. आबा बोलत असायचे, तलाठी कोण, मामलेदार कोण, कायदा कुठे होतो, आणि मला वाटायचं आपण पाण्याखाली बसून ऐकतो आहोत.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. एकदा विहिरीच्या पोहऱ्याचा दोर तुटला. आबांनी आमची कचेरी मांडली. एक तलाठी, एक सर्कल इन्स्पेक्टर, एक मामलेदार, असे सात जण ओळीने बसवले आणि दोरासाठीचा अर्ज पहिल्याच्या हातात दिला. प्रत्येकाने वाचून शेरा मारायचा आणि पुढे द्यायचा. मामलेदाराने अर्ज सही नाही म्हणून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच मामलेदार कैऱ्या पाडायला गेला. तिसऱ्या दिवशी अक्का कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"अरे, तुझा कागद कलेक्टराकडे पोचेतो माझी पोरं सुकतील. सोड तो कागद."

"अक्का, अर्ज वाटेत आहे," आबा गंभीरपणे म्हणाले.

"मग त्यालाच बांध पोहऱ्याला."

आबा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दोर त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

मत टाकायला कागद नव्हते. प्रत्येकाला एक सरकी आणि एक चिंचोका मिळायचा. सरकी म्हणजे होय, चिंचोका म्हणजे नाही. हवं ते अरुंद तोंडाच्या मडक्यात टाकायचं, उरलेलं टोपलीत परत. सभापती रोज बदलायचा. त्याला मत नसे, मतं सारखी पडली तरच तो आपलं बी टाकी. मडकं काट्याच्या खोलीत नेऊन त्याने एकट्यानेच मोजायचं. कोणी बरोबर जायचं नाही, हा आबांचा नियम. "विश्वास ठेवायची सवय लहानपणी लागली तरच लागते," असं ते म्हणत. दुसरा नियम पंगतीचा. त्या दिवशी ज्यांचं मत हरलं असेल त्यांना आधी वाढायचं. "जिंकणाऱ्याचं निम्मं पोट भरलेलंच असतं."

माझा तो दुसरा उन्हाळा. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला काही महिने होते. घरी मी बोलत नसे, कारण कोणी विचारत नसे. इथे मी उभी राहिले की तेवीस माना माझ्याकडे वळायच्या. अकरा महिने मी या चार आठवड्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. पुढे आणखी दोन उन्हाळे येता आलं असतं.

शेवटच्या आठवड्यात वरणगावच्या दिनकरने ठराव मांडला, की आपण झेंडा घेऊन शहरातून मिरवणूक काढायची. चांगला बोलला. राज्यकारभार शिकायचा आणि राज्य कोणाचं हे विचारायचं नाही, हे कसं, म्हणाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी एकच गोष्ट सांगितली.

"मिरवणूक काढणार नाही या अटीवर शेठजींनी जागा दिली आहे. मी त्यांना शब्द दिलाय. मिरवणूक निघाली तर पुढच्या वर्षी जागा नाही, आणि दुसरी कोणी देईल असं मला वाटत नाही. आता तुम्ही ठरवा."

आणि ते उठून बाहेर गेले.

सभापती मी होते. काट्याच्या खोलीत मडकं ओढणीत उपडं केलं. अकरा चिंचोके. सरक्या बारा. पुन्हा मोजल्या, बाराच.

एक सरकी मी मुठीत घेतली. तिला कापसाची बारीक लव होती. तेवीस जणांत एकाने बी टाकलंच नाही, असं म्हटलं असतं तर कोणी शंका घेतली नसती. अकरा-अकरा झाले असते आणि मग माझा चिंचोका. खिडकीतून आबांची पाठ दिसत होती. त्यांनी एकदा मान वळवावी, काहीतरी बोलावं, असं मला इतकं वाटलं की डोळे भरून आले. ते वळले नाहीत. बाहेर कोणीतरी ओरडलं, "झालं का?" मी मूठ उघडली, सरकी बाकीच्यांत टाकली आणि निकाल सांगितला.

आबांनी ऐकून मान हलवली. त्याच संध्याकाळी ते शेठजींकडे गेले आणि किल्ल्या परत करून आले. "शब्द जागेत असेपर्यंतचा होता," ते म्हणाले, "उद्या सकाळी जागा रिकामी करायची. मग मिरवणूक." जेवताना अक्कांनी हरलेल्या अकरांना आधी वाढलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि आंब्याचा रस. माझ्यापाशी थांबल्या. "तू कोणात गं?" मी म्हटलं, "कोणातच नाही." त्यांनी मला सगळ्यांच्या शेवटी वाढलं, आणि रस थोडा जास्त.

सकाळी वळकट्या तळ्याकाठी ठेवून आम्ही निघालो. चोवीस मुलं, एक झेंडा. झेंडा दिनकरने आधी हरलेल्यांच्या हाती दिला, ते कोणी सांगितलं नव्हतं. दुकानदार फळ्या काढत होते. एका शिपायाने थोडा वेळ पाहिलं आणि तंबाखू मळत राहिला. एवढंच. दुपारच्या गाडीने जो तो आपापल्या गावी गेला. वर्ग पुन्हा भरला नाही. युद्ध आलं, त्यानंतरचं सगळं आलं. आबा जागेसाठी दारोदार फिरले आणि थकले.

मी आता शिकवते. गेल्या माघात धुळ्याला त्यांच्याकडे गेले. अक्का नव्हत्या उरल्या. आबा खाटेवर होते, आवाज बारीक झालेला. इतक्या वर्षांचं मी एका दमात सांगून टाकलं, की ती सरकी माझ्या मुठीत होती, आणि मी ती परत टाकली म्हणून तुमचा वर्ग गेला.

त्यांनी छताकडे पाहत विचारलं,

"किती वेळ होती मुठीत?"

"बाहेरून कोणीतरी ओरडेपर्यंत."

मग ते घरच्या बोलीत म्हणाले, "मन्हा हातमा ऱ्हाती ना, ते मी खिसामा टाकी देतू." माझ्या हातात असती तर मी खिशात टाकली असती. आणि डोळे मिटून हसले.

चैत्रात ते गेले. मला कळलं तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. माझं ओझं उतरावं म्हणून ते तसं म्हणाले, की ते खरं होतं, हे विचारायला आता कोणी नाही. शाळेच्या रिकाम्या तासाला मी त्यावर विचार करत बसते. त्यांचं सगळं मी आजवर खरं मानत आले. हे एक वाक्य मात्र मला मानता येत नाही, आणि सोडवतही नाही.