सूचक पेरूची, अनुमोदक चिलीचा

आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. वडिलांच्या सभांना सतरंजीवर बसून मी एक गोष्ट शिकले: ठराव मांडायला सूचक आपला चालतो, अनुमोदक मात्र शक्यतो विरोधी गटातला गाठावा. ही विद्या जर्मनीतल्या आखन शहरात कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

तिथे शिकत असताना माझी शेजारीण पेरूची होती. तिच्या लहान मुलीला स्पॅनिश कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. लिमाहून आजीचा फोन आला की ती रिसीव्हर आईच्या हातात कोंबून पळायची. आईला म्हणून शनिवारी स्पॅनिशचा वर्ग हवा होता.

गावात लॅटिन अमेरिकेतली कुटुंबं वाढत होती आणि प्रत्येक देशाचं मंडळ वेगळं. चार मंडळांनी एकाच शाळेतल्या एकाच खोलीसाठी, त्याच शनिवारसाठी चार अर्ज केले. राटहाउसमधल्या, म्हणजे नगरपालिकेतल्या, बाईंनी चौघांनाही परत पाठवलं: "आधी आपसांत ठरवा."

मी लगेच जळजळीत पत्रक लिहिलं. चिलीच्या मंडळाचा प्रमुख ते वाचून म्हणाला, "अगं, आम्हाला खोली हवी आहे, राजवाडा जाळायचा नाहीये."

मग चारही मंडळांच्या बैठकीत मी वडिलांचा नियम सांगितला. ठराव पेरूचा, अनुमोदन चिलीचं.

"हिला मी अनुमोदन देऊ? बटाटा मूळचा आमचा, हेसुद्धा ही मान्य करत नाही!"

"कारण तो तुमचा नाहीच," शेजारीण म्हणाली. हशा पिकला आणि बैठकीचा नूर पालटला.

नगरपालिकेच्या परदेशी रहिवाशांसाठीच्या समितीपुढे ती आजीच्या फोनबद्दल बोलली, थोडकंच. मग तो उभा राहिला. "मी चिलीचा. या बाईंशी माझं कशातच पटत नाही. एवढ्या एका गोष्टीत पटतं." मागून कोलंबिया आणि बोलिव्हियाही उठले. आता नाही म्हणायला समितीकडे कारण उरलं नव्हतं. मला पत्रकाची आठवणही झाली नाही.

वर्गाला काही शनिवार झाले होते. भाज्यांची चित्रं लावताना बटाट्यावरून तेच भांडण पुन्हा पेटलं. दोघांच्या मध्ये उभी राहून ती मुलगी ओरडली, चक्क स्पॅनिशमध्ये: "बटाटा माझ्या आजीचा आहे!"

 तो चिलीवाला हात वर करून म्हणाला, "अनुमोदन."