उरलेली पंधरा पानं

हिराजीच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी पेणच्या घरात चष्मा शोधत होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने पुढचंही सांगून टाकलं, "तुमचा पुस्तक हाय आमच्याकडं. येऊन न्याल का?" चष्मा माझ्या कपाळावरच होता. तो डोळ्यांवर घेतला आणि उगाच भिंतीकडे बघत बसलो... याला आता दीड महिना होईल.

आमची मैत्री रोह्याच्या गाडीतली. मी पेणला चढायचो, तो कासूला. कंपनीत मी स्टोअरमध्ये कारकून, तो बॉयलरवर हेल्पर. तो मिठागरात वाढलेला, आवाज दोन डबे पलीकडे जाईल असा. मी पुस्तकात नाक खुपसून बसणारा. एकदा समोर बसून म्हणाला, "मनात काय वाचतोस? मोठ्यानं वाच की, आमाला पन कलूदे." मला राग आला होता, तरी वाचायला लागलो.

ती एक युद्धाची कादंबरी होती. रद्दीतून घेतलेली, मुखपृष्ठ गेलेलं, त्यामुळे तिचं नाव मला आजही माहीत नाही. वाळवंटात चुकलेले दोन सैनिक, एकमेकांचे शत्रू. सोबत एक खेचर. ते चौथ्या प्रकरणात मरतं, दोघे त्याला लष्करी इतमामाने पुरतात आणि मग भूक लागल्यावर पुन्हा उकरावं की नाही यावर भांडतात. हिराजी इतका हसला की नागोठण्याला उतरणारी माणसं वळून बघू लागली. त्या दोघांपैकी एकाकडे नियमांची चोपडी असते. कैद्याला खाऊपिऊ घालायचं, त्याचं ओझं वाहायचं, ही जबाबदारी पकडणाऱ्याची. झालं! दोघांनाही कैदी व्हायचंय, पकडायला कुणी तयार नाही. शेवटी पाळी लावतात, एक दिवस हा कैदी, एक दिवस तो.

तो नियम आम्हीही उचलला. कासूला गाडीत पाऊल टाकताच हिराजी विचारायचा, "वसंतराव, आज कैदी कोन?" कैद्याने आरामात बसायचं, दुसऱ्याने त्याची पिशवी सांभाळायची आणि डबा द्यायचा. माझ्या घरी मासे चालत नाहीत, म्हणून मी कैदी असलो की तो सुकट बाजूला सारून नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे करायचा. तो कैदी असला की माझ्या डब्यातले पोह्याचे पापड बघता बघता संपायचे. मला वाटतं, तो पाळी चुकवून जास्त दिवस कैदी झाला.

पंधरा पानं उरली होती आणि कंपनीत संप झाला. कामगार गेटबाहेर, आम्ही ऑफिसवाले आत जाणार. त्या सकाळी मी गेटजवळ पोचलो आणि घोषणा एकदम वाढल्या. कुणीतरी माझ्यावर दगड उगारला. तेवढ्यात हिराजीने माझी कॉलर धरली, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "याला हात लावायचा नाय! ह्यो माजा कैदी हाय!" आणि मला फरफटत चहाच्या टपरीमागे नेलं. माझी पिशवी वाटेत पडली होती, ती तो नंतर घेऊन आला. चहा पाजला. त्याचेच लोक त्याला फितूर म्हणत होते. पुस्तक पिशवीतून कुठे पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

पुढे चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "तुमची कॉलर कोणी धरली?" मी म्हणालो, "हिराजीने." त्यांनी ते लिहून घेतलं आणि फाईल मिटली. पुढचं वाक्य, 'मला वाचवायला धरली', माझ्या तोंडातच राहिलं. मी उठून बाहेर आलो. मी भित्रा होतो, दुसरं कारण नाही. हिराजीला कामावरून काढलं आणि तो परत मिठागरावर गेला.

त्यानंतर कासू आलं की मी खिडकीकडून तोंड फिरवायचो. इतक्या वर्षांत तो एकदाच भेटला, पेणच्या बाजारात. केस पांढरे, आवाज तोच. "पुस्तक मला गेटवर गावला व्हता. पंधरा पानं बाकी हायत. कवा येतोस?" मी म्हटलं, "पावसाळा संपला की येतो." पावसाळे बरेच संपले.

शेवटी गेलो तो फोननंतर. सुनेने प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या सोडून पुस्तक काढलं. खाऱ्या हवेने पानं ताठ झालेली, आम्ही थांबलो होतो तिथला कोपरा तसाच दुमडलेला. "मी वाचून दावते म्हनलं, तर नाय म्हनायचे. ज्यानी सुरू केलाय तो येल, म्हनायचे."

मी तिथेच, ओटीवर बसून, मोठ्याने वाचलं. ती समोर बसून ऐकत होती. शेवटी एक जीप येते. युद्ध दोन महिन्यांपूर्वीच संपलेलं असतं, या दोघांना सांगायला कुणी आलेलं नसतं. जीपमधला अधिकारी विचारतो, "तुमच्यात कैदी कोण?" आणि दोघेही हात वर करतात.

मग मी तिला ते राहिलेलं वाक्य सांगितलं. इतक्या वर्षांनी, चुकीच्या माणसाला. ती म्हणाली, "म्हाईत हाय. बाबा म्हनायचे, वसंतरावाला सायबानं पुरता बोलू दिला नाय." मला रडू आवरेना. साहेबांनी मला अडवलं नव्हतं, हे मी तिलाही सांगू शकलो नाही.

परतताना कासूला गाडीत चढलो. पुस्तक मांडीवर होतं, हिराजीच्या जागेवर कुणी तरुण मुलगा मोबाइल बघत बसला होता. गाडी हलली आणि माझा हात आपोआप वर गेला. मुलाला वाटलं मला उकडतंय. त्याने उठून पंखा लावला.