दहा मिनिटांची मुदत

केडगावच्या मंडळीत कुणी वारलं की स्मरणसभेत वाचायचा जीवनवृत्तांत गिदोन सर लिहीत. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, सेवा, प्रभूमध्ये निद्रा. सगळी माणसं याच पाच पायऱ्या उतरत. सर शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलीने, एंजेलाने, त्यांना ब्लॉग काढून दिला. एकशे बारा मयत माणसं तिथे नीटनेटकी होती.

एकशे तेरावी त्यांची बायको, दीना. सभा रविवारी.

पाचही पायऱ्या लिहून झाल्या. मग बोटं थांबेनात. ‘दीनाला नर्सिंगला जागा मिळाली होती. मी जाऊ दिलं नाही.’ सरांनी घाईने पुसलं. पण पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटून गेली होती: जतन झाले.

"एंजेला, हे बंद कर. मला न विचारता जपून ठेवतंय."

"लोकांना नाही दिसत, पप्पा. फक्त तुम्हाला दिसतं."

"तेच नकोय."

"जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यात. तुमची कुणी तपासली की केवढा राग!"

तिने सेटिंग उघडलं. आपोआप जतन होणं पुरतं बंद होत नव्हतं. दर दहा सेकंदांनी व्हायचं ते दर दहा मिनिटांनी करता येत होतं. तेवढं तिने केलं. मग जुन्या प्रतींची यादी आली आणि तिचा हात माऊसवर थांबला. त्यातलं ते पुसलेलं वाक्य तिने वाचलं होतं.

"ही पण काढू?"

"काढ."

तिने काढली. पुन्हा चेष्टा केली नाही.

शुक्रवारी सरांनी ते वाक्य तीनदा लिहिलं. शनिवारी दोनदा. प्रत्येक वेळी घड्याळाकडे बघत नवव्या मिनिटाला पुसलं. कुठेही खूण उरली नाही. ब्लॉगवर दीना स्वच्छ झाली, आणि कुणाचीही बायको असावी अशी झाली.

रविवारी सर देवळात कागद घेऊन उभे राहिले. जन्म वाचला. बाप्तिस्मा, लग्न वाचलं आणि थांबले. संपलं असं वाटून पेटी वाजवणाऱ्या केविनने भाता उघडला. सरांनी हात वर केला.

"कागदावर नाही ते सांगतो. दीनाला नर्स व्हायचं होतं. जागा मिळाली होती. मी नाही म्हणालो. तिला कारणसुद्धा सांगितलं नाही."

बायकांच्या बाकावरून दीनाची मैत्रीण स्टेलाबाई, बसल्या जागेवरूनच, म्हणाली, "ठाऊक हाय, सर. समद्यांना ठाऊक हाय. वाचा पुढं."

एंजेला मान खाली घालून बसली होती.

पुढची ओळ होती, ‘सेवा: घरकाम व संडे स्कूल.’ सरांनी ती वाचली. फार हळू वाचली.