गुरुलिंग मास्तरांच्या पळत्या पेशी

धाराशिवच्या गुरुलिंग मास्तरांची ओळख म्हणजे त्यांच्या कोटाचे खिसे. त्यात खडू असायचे, भिजवलेले हरभरे असायचे, कांद्याचं साल असायचं, आणि एकदा तर जिता सरडा निघाला होता. त्या दिवसापासून त्यांची बायको इरम्मा कोट धुवायला घेण्याआधी दोरीवर उलटा टांगायच्या आणि लांबून काठीनं झटकायच्या.

निजामाचं राज्य होतं, बाहेर मोठी लढाई चालली होती. पोरं मराठी आणि शाळा उर्दू. घरी भाकर मराठीत मागायची आणि शाळेत पाणी उर्दूत प्यायचं. नववीच्या किताबात पेशीला ‘खलिया’ आणि तिच्या विभाजनाला ‘तकसीम’ म्हटलेलं. एका खलियाचे दोन कसे होतात, ते पोरं न चुकता घडाघडा म्हणत. पण “म्हंजे नक्की काय होतं रं?” असं मास्तरांनी विचारलं, की पोरं आढ्याकडं बघत आणि पुन्हा पहिल्यापासून घडाघडा सुरू करत. मास्तर डोक्याला हात लावत.

मग सोनारीची जत्रा आली. काळभैरवाचं दर्शन झालं, नारळ फुटला आणि मास्तर एका खेळणीवाल्यापुढं जे बसले ते उठेनात. त्याच्याकडं तळहाताएवढी वही होती. पानापानावर दोन पैलवान, प्रत्येक चित्रात जरासा फरक. अंगठ्यानं पानं भराभरा सोडली, की एक पैलवान दुसऱ्याला उचलून आपटायचा. मास्तरांनी त्याला कितीदा आपटलं, ते काळभैरवालाच ठाऊक.

“अवो, आपटून आपटून मरंल त्यो,” इरम्मा म्हणाल्या. “घरी चला की!”

“इरम्मा, पैलवान पळतोय, मग पेशी का पळू नये?”

“पळंल की. तुमच्यापायी समदं पळतंय. शाळा चालवताय का जत्रा भरवताय?”

लढाईमुळं कागद मिळायची मारामार. कापडवाले वीरप्पा मास्तरांच्या ओळखीचे. कापडाच्या ताग्यात येणारा जाडसर कागद त्यांनी दिला. पोरांनी तो कापला, मराठी पुस्तकासारखा डाव्या अंगाला शिवला आणि चित्रं काढायला बसली. आधी पेशी गोल. मग आतले धागे जाड होतात, एकेका धाग्याची जोडी होते, जोड्या मधोमध रांगेत उभ्या राहतात. मग प्रत्येक जोडीतला एक इकडं, एक तिकडं ओढला जातो, पेशीची कंबर आवळते, आणि एकाच्या दोन! दगडोबानं तर आईनं मळलेल्या पिठाचा उंडा चिमटून बघितला आणि मगच कंबर काढली.

हेडमास्तरांना मात्र हे थेर वाटलं. ते म्हणाले, “मास्तर, पुढच्या आठवड्यात शाळाखात्याचे मोहतमिम साहेब तपासणीला येतायत. त्यांना ही पळती चित्रं पसंत पडली तर ठीक. न्हाय तर विज्ञान तुमच्याकडनं काढणार. तुम्ही हिशेब शिकवा.”

मास्तरांची झोप उडाली. कांद्याच्या सालात जग बघणाऱ्या माणसानं जन्मभर व्याजाची गणितं घालायची?

साहेब आले. उंच टोपी, पांढरी दाढी, डोळे मात्र मिस्कील. मास्तरांनी सिदूची वही त्यांच्या हातात दिली. सिदू वर्गातला सगळ्यात बडबड्या, पण त्याचा हात चित्रात बसलेला. साहेबांनी सगळी पानं अंगठ्याखाली धरली आणि सोडली.

आणि इथंच घोटाळा झाला. साहेबांचं आयुष्य उर्दू किताबं उघडण्यात गेलेलं. उर्दू किताब जिथं सुरू होतं, तिथं मराठी पुस्तक संपतं. त्यांनी पानं शेवटाकडनं सोडली होती! दोन पेशी एकमेकींजवळ आल्या, चिकटल्या, कंबर सुटली, आणि झाली एक गोल पेशी.

“मास्टरसाहब,” साहेब दाढी कुरवाळत म्हणाले, “तकसीम कुठाय? इथं तर निकाह लागला!”

हेडमास्तरांनी खाकरून मास्तरांकडं बघितलं. मास्तर वही सरळ करून द्यायला पुढं झाले. तेवढ्यात सिदू उभा राहिला.

“साहेब, उलटी पळवली तुमी!”

“गप बस!” हेडमास्तर ओरडले.

“ठहरो,” साहेब म्हणाले. “उलटी कशावरून, बेटा?”

“दोनाची एक व्हाय लागली तर आपण वाढायचं कसं, साहेब? रोज रोज आकसत जाऊन म्या पाळण्यात पडंन की!”

वर्ग फिस्सकन हसला. साहेबही हसले. मग त्यांनी दगडोबाची वही घेतली, पानं मुद्दाम मधेच थांबवली आणि पुढं काय होणार ते विचारलं. पोरं एकमेकांवर पडत सांगू लागली. किताबातलं घडाघडा कुणी म्हटलंच नाही. तेवढ्यात ज्ञानोबा ओरडला, “साहेब, दगड्याचं चुकलं! समदे धागे एकीकडंच गेले. दुसरी पेशी उपाशी!”

“वाटणीत भावाला ठेंगा दावला ह्यानं,” सिदू म्हणाला.

“राहिलंच काढायचं,” दगडोबा लाजून म्हणाला, “कागद संपला.”

साहेबांनी हसता हसता डोळे पुसले. हेडमास्तरांना म्हणाले, “विज्ञान यांच्याकडंच राहू द्या. आणि या लेकराला कागद द्या, दुसरी पेशी उपाशी मरेल.”

गुरुलिंग मास्तरांना तेव्हा कुठं श्वास आला. साहेब टांग्याकडं निघाले. चालता चालता सिदूच्या वहीवर अंगठा चालूच होता, आता वरच्या पानाकडनं. एकाच्या दोन, एकाच्या दोन. टांगेवालाही वाकून बघायला लागला. टांगा हलला तसा सिदू मागनं पळत सुटला.

“साहेब, माझी वही! ओ साहेब!”

“पळू दे,” मास्तर म्हणाले. “नवी काढ.”