घणानं हात उचलला नाही

भंगाराच्या आवारात जुन्या गाड्या फोडायचं काम घणाचं होतं, आणि सगळे त्याला हाकही घण म्हणूनच मारायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव शाळेच्या पटावर होतं, ते नववीत खोडलं गेलं. कवायतीच्या मास्तरांनी त्याच्या कानाखाली जाळ काढला आणि त्यानं तिथल्या तिथं मास्तरांचे पुढचे दोन दात पाडले. शाळा सुटली, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. पुढची पाच-सहा वर्षं तो दिवसा गाड्या फोडायचा आणि संध्याकाळी माणसं. त्याच्या नावानं ठाण्यात जायची कुणाची छाती झाली नाही, एवढंच त्याचं नशीब.

आईबाप गेल्यावर त्याला ताईनं वाढवलं होतं. ती शाळा पुरी शिकलेली, आणि लग्न झालं ते त्याच आवारात गॅस कटर चालवणाऱ्याशी. एका संध्याकाळी घण कुणाचं तरी रक्त शर्टावर घेऊन आला, तेव्हा ती शर्ट बादलीत बुडवत म्हणाली, "एक दिवस कुणाला तरी जिवानिशी मारशील आणि फासावर जाशील. त्यापेक्षा फौजेत जा. तिथं मारायचा पगार देतात."

भरती कार्यालयातल्या हवालदारानं त्याच्या छातीकडे बघून मान डोलावली आणि शाळेचा दाखला बघून कपाळाला आठ्या घातल्या. "दहावीची परीक्षा बाहेरून दे," तो म्हणाला. "पण ऐक. तुमच्यासारख्यांना जागा मूठभर, आणि चौकशी पार घरापर्यंत होते. शाळेतून आलेल्याची एखादी मारामारी आम्ही पोरकटपणा म्हणून सोडून देतो. बाहेरून आलेल्याच्या नावावर एक तक्रार निघाली, तरी कागद परत. आणि तेविसावं उलटलं की इकडे फिरकू नकोस."

तेव्हा घण वीस वर्षांचा होता. ताईनं त्याचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ. काहीही झालं तरी हात उचलायचा नाही."

अशा बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? घण हात उचलत नाही म्हटल्यावर आजवर ज्यांनी त्याचा मार खाल्ला होता ते सगळे एकेक करून वचपा काढायला आले. नाक मोडलेला वेल्डर आला, त्यानं घणाचं नाक मोडलं. एक टायरवाला आला, त्यानं लोखंडी पान्यानं बरगड्या शेकल्या. ज्यांचं कधी काही बिघडलं नव्हतं असे दोघेतिघेही हात धुऊन घ्यायला आले, आणि एकानं तर मेहुण्याला सोबत आणलं. घण हात पाठीमागे बांधून उभा राहायचा आणि विज्ञानाच्या पुस्तकातला नियम पुटपुटायचा, की प्रत्येक क्रियेला तेवढीच उलटी प्रतिक्रिया असते. रक्त थुंकायचा आणि पुढचं पान घ्यायचा. मग आवारात जाऊन एखाद्या गाडीच्या टपावर असा तुटून पडायचा, की शेजारचे कामगार लांब जाऊन उभे राहायचे.

ताई रोज दुपारी त्याला शिकवायची. दोनदा गणितात आपटला, तिसऱ्यांदा निघाला. निकाल लागला तेव्हा तेविसावं उलटायला दोन महिने राहिले होते. धावणं झालं, वैद्यकीय तपासणी झाली. उरली ती फक्त पोलिसांची चौकशी, आणि शिपाई सोमवारी येणार होता.

रविवारी दुपारी भाऊजी घरी आले. घण ताईच्या स्वयंपाकघरात कागद लावत बसला होता. भाऊजींनी ताट पाहिलं, भात गार झालेला होता. "तीन वर्षं झाली," ते म्हणाले, "या घरात माझं जेवण गार आणि याची पुस्तकं गरम." एवढं बोलून त्यांनी दारामागची कटरची रबरी नळी काढली. हा मार ताईला नवा नव्हता. फक्त आजवर भावासमोर कधी झाला नव्हता.

पहिले दोन फटके तिच्या पाठीवर बसले. घण मध्ये शिरला, हात पाठीमागे धरूनच. भाऊजींनी त्याच्या पोटात गुडघा घातला, तो पडला, उठला, पुन्हा मध्ये आला. मग भाऊजी थांबले आणि हसले. "ढकल ना मला. नुसतं बोट लाव. इथून सरळ ठाण्यात जातो आणि लिहून देतो. उद्या येणारच आहे तो शिपाई."

घण जागच्या जागी थिजला. हाताच्या अंतरावर भाऊजींचं नरडं होतं, त्यावरची शीर उडत होती. एका ठोशाचं काम होतं, हे तिघांनाही माहीत होतं. ताई भिंतीला टेकून खाली बसली होती. ती ओरडली नाही, नुसती भावाकडे बघत राहिली. घण एक पाऊल मागे सरला आणि त्यानं खिडकीचे गज धरले.

मग भाऊजींनी नळी उलटी धरली. नळीचं पितळी टोक ताईच्या तोंडावर बसलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा डाव्या डोळ्यात गेलं. गज एवढे वाकले होते, की पुढं ती खिडकी कधी नीट लागली नाही.

दवाखान्यात ताईनं पाय घसरून पडले म्हणून सांगितलं. सोमवारी शिपायानं घणाला विचारलं, "मारामारी वगैरे?" घण म्हणाला, "नाही." शिपायानं तसं लिहून घेतलं.

दहा दिवसांनी तो नेमणुकीचं पत्र घेऊन तिच्या खाटेपाशी गेला. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, तो डोळा गेलाच होता. तिनं पत्र उजव्या डोळ्याजवळ धरून सगळं वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत, जशी त्याच्या वह्या वाचायची तशी.

"ताई, शपथ तूच घातली होतीस," तो म्हणाला.

"मीच घातली होती." तिनं पत्राची घडी घातली. "पण त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होते. मोड शपथ, असं सांगत होते. तुला कळलं नाही का रे?"

घणाला नाही म्हणता आलं असतं. ती तेवढ्यावर त्याला माफही करून टाकणार होती, तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. तीन वर्षं घेतलेला सगळा मार त्यानं याच पत्रासाठी घेतला होता.

"कळलं होतं," तो म्हणाला.

ताईनं पत्र त्याच्या हातात दिलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

"जा आता," ती म्हणाली. "गाडी चुकेल."