कोंडप्पाची अव्वा

मला चौकशीची खोड. सन तीसच्या सुमारास बाळीवेशीच्या कानडी-मराठी वस्तीत बिऱ्हाड केलं तेव्हा गल्लीतल्या बायकांची नावं मी पहिल्याच आठवड्यात पाठ करायला घेतली. पण तिथे कुणाला नावच नव्हतं. ही बाळूची आई, ती मल्लव्वाची अव्वा. समोरच्या ईरप्पा भुसारवाल्याची बायको दाक्षायणी तेवढी नुसती 'ईरप्पाच्या घरातली'. लग्नाला पंधरा वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, मग तिला म्हणणार तरी कुणाची आई?

बाई ठसठशीत, तोंडाने फटकळ. गल्लीत कुणाचंही कार्य असो, शेंगाचटणी कुटायला हात तिचाच. बारशालाही तिला बोलावणं असायचं. पण पाळण्याच्या वरून-खालून बाळ या हातातून त्या हातात जायचं, ते तिच्यापाशी आलं की हळूच वळसा घ्यायचं. ओटी भरायलाही तिला हाक नाही. ती आपली सुंठवडा वाटत राहायची. मला त्या बायकांचा राग यायचा, आणि हिला काय वाटत असेल याची उत्सुकताही. विचारायचा मात्र धीर झाला नाही.

शेजारच्या गुरम्माची लागोपाठ तीन मुलं तान्हेपणीच गेली. चौथा झाला, तशी तिची सासू बाळाला घेऊन थेट दाक्षायणीच्या दारात.

"तू ह्याला इकत घे," म्हणाली. "तुझ्या घरात पोर असंल, हे मरणाच्या ध्यानातबी यायचं न्हाय."

आजवर जी ओटी अशुभ, ती आता पोर लपवायला बरी! मला वाटलं, दाक्षायणी म्हातारीला चांगली फैलावर घेणार. ती आत गेली, सूपभर कोंडा आणून म्हातारीच्या पदरात ओतला, बाळ उचललं आणि म्हणाली, "सवदा झाला."

बाळ राहायचं गुरम्माकडे, दूध तिचंच. पण 'माझा' म्हणायची तिला चोरी. नाव ठेवलं कोंडप्पा. कोंड्यावर घेतला म्हणून, असं मी आपली शहाणपणाने म्हणाले, तर सगळ्या हसल्या. कानडीत 'कोंड' म्हणजे विकत घेतलेला. दोन्ही भाषांत पोर विकतचंच निघालं.

आणि दाक्षायणी झाली 'कोंडप्पाची अव्वा'. पहिल्यांदा नळावर कुणी तशी हाक मारली, तेव्हा तिने वळूनही पाहिलं नाही. हाक आपल्याला आहे, हे तिला कळलंच नव्हतं. पुढच्या बारशाला बाळ वळसा न घेता तिच्या हातात आलं, तेव्हा मात्र तिने ते पुढे द्यायला बराच उशीर केला.

पोर जगलं. पाचव्या वर्षी जावळ काढायचं ठरलं. रीत अशी की त्या दिवशी आईने तेवढाच कोंडा देऊन मूल परत घ्यायचं. गुरम्मा सूप घेऊन आली. सगळी गल्ली अंगणात गोळा झालेली. मी तर सगळ्यांत पुढे.

दाक्षायणीने पोराला पुढे केलं, पण त्याचा हात तिला सोडवेना.

"ने की. तुझाच हाय," ती गुरम्माला म्हणाली. "पर मला आता काय म्हणतील? पुन्हा ईरप्पाच्या घरातली?"

मीही माझ्या सगळ्या चौकशीत हा प्रश्न कधी केला नव्हता. गुरम्माने सूप तिच्या पदरात रिकामं केलं, पण शेवटची एक मूठ मागे ठेवली.

"अक्का, मूठभर कमी पडला," ती म्हणाली. "तो देईपत्तर सवदा पुरा न्हाय. तवर पोरगं तुमचंबी."

सासूने डोळे वटारले. गुरम्माने ती मूठ आपल्या पदराच्या गाठीला बांधली आणि पोराला जावळाला नेलं.

याला आता दोन वर्षं झाली. परवा मला राहवलं नाही. गुरम्माला विचारलं, "अगं, ती मूठ कधी देणार?"

"घरात कोंडाच न्हाय की ओ," ती म्हणाली, आणि भाकरीचं पीठ चाळता चाळता चाळणीतला कोंडा गाईच्या घमेल्यात टाकत राहिली.